विजयादशमीपर्यंत बंद

परळ,
२२ जून २०२५

आप्पा, जयभीम.

पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहोत. काल मी फोनवर वीस मिनिटं घसा फोडला आणि शेवटी तुम्ही "बरं बरं, छत्री नेत जा" म्हणून ठेवून दिलात. मी छत्रीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. ऐकू न येणाऱ्या कानालाच फोन लावायचा हा तुमचा हट्ट मला कळत नाही. गॅलरीतल्या अर्ध्या चाळीला मात्र सगळं स्वच्छ ऐकू गेलं आणि आता जो तो मला काढे सांगतोय.

तर लिहूनच सांगते. तुमच्या नातीचा, पूर्वीचा, खोकला जात नाही. दोन महिने झाले, तीन बाटल्या औषध झालं. मेमध्ये आठ दिवस ती कल्याणला तिच्या आत्याकडे होती, तिथे एकदाही खोकली नाही. घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सुरू. हे ऐकल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, घरात ओल आहे का, कुबट वास येतो का? मी म्हटलं, डॉक्टर, पावसाळ्यात ओल नसलेली चाळ दाखवा, मी तिथे राहायला जाते. ते हसले नाहीत. म्हणाले, बुरशी असेल तर शोधून काढा. तिचे बारीक कण हवेत उडतात आणि मुलांच्या छातीत जातात. काळी म्हणजे विषारी आणि पांढरी म्हणजे साधी असं काही नसतं, तेव्हा रंग बघत बसू नका.

रविवारी मी आणि धनेशने खोली उलटीपालटी केली. मोरी, माळा, फ्रिजच्या मागे, खिडकीखाली. खिडकीखाली थोडे ठिपके होते, ते पुसले. वास मात्र तिथला नाही. वास तुमच्या पुस्तकांच्या कपाटातून येतो. दाराच्या फटीला नाक लावलं की डोळ्यांत पाणी येतं. आणि ते कपाट तुम्ही बुद्धपौर्णिमेला दरवर्षीप्रमाणे कुलूप घालून, फटींत वर्तमानपत्र कोंबून, किल्ली खिशात टाकून मंडणगडला गेलात. आता विजयादशमीपर्यंत बंद. पूर्वी त्याच भिंतीला डोकं लावून झोपते.

किल्ली पाठवा. रजिस्टरने पाठवा.

प्रिती


मंडणगड,
३० जून २०२५

प्रिती, जयभीम आणि पूर्वीला पापा.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचं आहे, पण आलं हे बरं झालं. तू फोनवर "ओल ओल" म्हणत होतीस, म्हणून मी छत्रीचं बोललो. त्यात माझं काय चुकलं?

किल्ली मिळणार नाही. पावसाळ्यात ते कपाट उघडायचं नाही, हा नियम तू परकरात होतीस तेव्हापासूनचा आहे. बाहेरची दमट हवा आत गेली की पुस्तकं गेलीच समज. मी प्रत्येक पुस्तक स्वतःच्या हाताने प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आहे. प्रत्येक कप्प्यात डांबरगोळ्या आहेत. मुंगीला शिरायला जागा नाही, तिथे बुरशी कुठून शिरणार? वास येतो तो डांबरगोळ्यांचा. तो औषधी असतो.

ती पुस्तकं माझी नाहीत हे तू विसरतेस. वाचनालयाची आहेत. पुस्तकांसाठी घर बांधणाऱ्या माणसाची आपण लेकरं. आपल्याला घर बांधता आलं नाही, एक कपाट तरी सांभाळतो.

पूर्वीला हळदीचं दूध दे. आइस्क्रीम बंद कर. आणि एक विचारतो, राग मानू नकोस. गेल्या वर्षी जावईबापू त्या कपाटाला टेप लावून मापं घेत होते. वॉशिंग मशीन तिथे बरोबर बसेल असं मी माझ्या बऱ्या कानाने ऐकलं आहे. डॉक्टरला मध्ये कशाला आणता? सरळ सांगा.

आप्पा


परळ,
८ जुलै २०२५

आप्पा,

धनेशने मापं घेतली होती, हो. मी डोळे वटारले आणि त्याने टेप गुंडाळून ठेवली, विषय तिथेच मेला. वॉशिंग मशीनसाठी मी सात वर्षांच्या पोरीला खोकायला लावीन असं तुम्हाला वाटतं? हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं, इतकं सांगितलं की पुरे.

कोंडीराम गवंड्याला बोलावलं होतं. त्याने भिंतीला नुसता हात लावला आणि म्हणाला, ताई, ही भिंत पाणी पिते. वरच्या मजल्यावरच्या मोरीचा पाइप बरोबर तुमच्या कपाटामागून खाली उतरतो, त्याचा सांधा गेलाय. कधीचा, ते त्यालाही सांगता येईना. पाच-दहा वर्षं, जास्तही. मी वर गेले. मृणालिनी वहिनी म्हणाल्या, आमची मोरी कोरडी ठणठणीत आहे, आणि हे त्या ओल्या मोरीत उभ्या राहून सांगत होत्या. कोणाकोणाशी डोकं लावू?

आता तुमच्या पिशव्या. कागद आधीच दमट असतो. त्याला पिशवीत घालून गाठ मारली, ओल्या भिंतीला टेकवून कुलूप लावलं, की ओल आतच राहते. आपण मोड यायला मूग बांधून ठेवतो, तसंच तुम्ही पुस्तकांचं केलंय. बुरशीला कागद आणि बाइंडिंगची खळ ही मेजवानी असते. डांबरगोळीने कसर पळते, बुरशी नाही, आणि तिचा वास पूर्वीच्या छातीला आणखी त्रास देतो, हे डॉक्टरांनी सांगितलं, मी नाही. तुम्ही फटीत कोंबलेलं वर्तमानपत्र मी ओढून काढलं. मागची बाजू काळी झाली होती आणि हाताला बुळबुळीत लागली.

पूर्वीला तोंडाने ओढायचा औषधाचा पंप दिलाय. ती तो बाहुलीलाही देते.

मी कुलूप फोडू शकते. तुम्हाला विचारते आहे ते केवळ मानापोटी. किल्ली पाठवा.

प्रिती


मंडणगड,
१७ जुलै २०२५

प्रिती,

किल्लीऐवजी सोबत पार्सल पाठवतो आहे. जाड, चांगल्या प्रतीच्या डांबरगोळ्या आहेत, महाडहून मागवल्या. कपाटाच्या बाहेर, वरच्या फळीवर ठेव. पलंग दुसऱ्या भिंतीला सरकव, म्हणजे झालं.

गिरण्या गेल्या आणि वाचनालयाची खोलीही गेली, तेव्हा तू चौथीत होतीस. लोकांनी पुस्तकं डोक्यावरून आपल्या घरी आणली. खातं बंद पडलेले, पगार नसलेले लोक, पण एक पुस्तक रद्दीत गेलं नाही. ठेवायची कुठे? तुझ्या आईचं एकच कपाट होतं. तिने साड्या ट्रंकेत घातल्या आणि कपाट मोकळं करून दिलं. नंतर कधी परत मागितलं नाही. दरवर्षी विजयादशमीला स्वतः एकेक पुस्तक झाडून पुसून ठेवायची. बकुळाने कधी तक्रार केली नाही, आणि तुला चार दिवस कुबट वास सहन होत नाही.

लावणी उरकली की येतो. तोवर धीर धर. गवंड्यांचं ऐकू नकोस, त्यांना सगळ्या भिंती फोडायच्याच असतात.

आप्पा


परळ,
२६ जुलै २०२५

आप्पा,

डांबरगोळ्या मिळाल्या. पार्सल आलं तेव्हा मी हॉस्पिटलात होते. पोस्टमनने ते सीताराम मामांकडे दिलं, मामांनी ते माझ्यासाठी डबा असेल म्हणून तिथे आणून दिलं. वॉर्डात मी डांबरगोळ्यांचं खोकं उघडलं. शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडे बघत राहिली. मला तेव्हा तुमचा इतका राग आला की आता तो शब्दांत बसत नाही.

पूर्वीला सोमवारी शाळेतून आल्यावर धाप लागली. पंपाने थांबेना. ओठ निळे पडायला लागले तेव्हा धनेश तिला उचलून धावला. दोन दिवस ठेवलं. आता बरी आहे, कल्याणला आत्याकडे पाठवली आहे. घर साफ झाल्याशिवाय तिला आणायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे.

बुधवारी मी कुलूप फोडलं. कोंडीरामने सगळ्यांना तोंडाला मास्क बांधायला लावले, खिडकी सताड उघडली, घरातले कपडे आणि भांडी बाहेर काढली. मग दार उघडलं. मागची भिंत वरपासून खालपर्यंत काळी होती. फळ्यांवर पांढरी लव उगवलेली. पिशव्यांच्या आत पाण्याचे थेंब लोंबत होते. मी एक पिशवी हातात घेतली तर पुस्तक वाकलं, पुठ्ठा गळून आला आणि आतली पानं एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला. वरच्या कप्प्यातली दिसायला बरी वाटतात, पण वास त्यांनाही तोच.

कोंडीराम भिंतीवर आधी पाणी फवारतो आणि मग खरवडतो, म्हणजे धूळ उडत नाही. प्लास्टर विटांपर्यंत काढायचं आहे. नुसता रंग मारला तर सहा महिन्यांत पुन्हा येईल म्हणतो. फळ्या गेल्या. पुस्तकं गॅलरीत ताडपत्रीखाली ठेवली आहेत. त्यांचं काय करायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही सांभाळणारे, निर्णय तुमचा.

पोरीची माहिती लिहून घेताना डॉक्टरांनी आणखी एक विचारलं. ते इथे लिहीत नाही.

प्रिती


मंडणगड,
२ ऑगस्ट २०२५

प्रिती,

तुझं पत्र मिळालं. पूर्वी कशी आहे ते लगेच कळव. शेजारच्या दुकानात फोन कर, तो पोरगा मला मोठ्याने सांगेल.

डॉक्टरांनी काय विचारलं ते तू लिहिलं नाहीस, पण मला कळलं. या घरात आधी कोणाला दमा होता का, हे विचारलं असणार. आणि तू आईचं नाव सांगितलं असशील.

ती दर विजयादशमीला पुस्तकं झाडायची. नाकाला पदर बांधून. मग दिवाळीपर्यंत तिला दम लागायचा. मी म्हणायचो, ऑक्टोबरची हवा बाधली. गिरणीत मी होतो. कापूस माझ्या छातीत गेला आणि दमा तिला झाला, याचं मला कधी नवलसुद्धा वाटलं नाही.

२०१७ साली मेपासून सप्टेंबरपर्यंत ती इथे गावी होती. विहिरीवरून कळशी घेऊन चढ चढायची आणि वर येऊन गप्पा मारायची. सगळे म्हणाले, बकुळाला गाव मानवलं. मी परळला होतो. सप्टेंबरात मी तिला पत्र टाकलं की विजयादशमी आली, कपाट उघडायचं आहे, निघून ये. ती आली. तीन दिवस पुस्तकं झाडत होती. डिसेंबरात गेली.

प्रिती, मी तिला पुस्तकं झाडायला बोलावलं होतं. दुसरं काही काम नव्हतं. मला दोन हात होते, मीही झाडू शकलो असतो.

डॉक्टर म्हणतील आता नक्की सांगता येत नाही. मला ते कोणाकडून ऐकून घ्यायची गरज नाही.

सगळी पुस्तकं टाकून दे. कुठलं ठेवू म्हणून विचारू नकोस. आणि मला यायला सांगू नकोस. त्या खोलीत मला उभं राहता येणार नाही.

आप्पा


परळ,
१० ऑगस्ट २०२५

आप्पा,

पूर्वी छान आहे. कल्याणला दिवसभर धिंगाणा घालते, आत्या कंटाळली. आईबद्दलचं वाचलं. त्यावर आत्ता लिहीत नाही, लिहायला बसले की होत नाही.

इथे दुसरंच त्रांगडं उभं राहिलंय. टाकून दे म्हणालात, पण टाकू कोण देतंय? मी काळ्या पिशव्यांत भरून खाली न्यायला लागले तर जिन्यात सगळी चाळ आडवी आली. पुस्तक कचऱ्यात? आपल्या चाळीत? गुणाजी तांबेंची मुलगी असून? मी बुरशी म्हटलं, छाती म्हटलं, हॉस्पिटल म्हटलं. संघर्ष भाऊ मंडळाचे सेक्रेटरी ना, ते म्हणाले, ताई, तुम्हाला जड झाली असतील तर आम्ही सांभाळतो. मी ऑफिसला गेले आणि संध्याकाळी येऊन बघते तर ताडपत्री रिकामी. प्रत्येकाने चार-चार पाच-पाच वाटून घरी नेली. इतक्या प्रेमाने या चाळीत कधी पाणीसुद्धा वाटलं गेलं नाही.

आता खोलीखोलीत पुस्तकं वाळताहेत. कोणी गॅसशेजारी ठेवलीत, कोणी पंख्याखाली पानं उलगडून. संघर्ष भाऊ बायकोचा हेअर ड्रायर घेऊन बसलेत. भर्र करून ती लव घरभर उडवतात आणि सांगतात, बघा, एक तर साफ झालं. सीताराम मामांनी उशाशी ठेवलीत. त्यांच्या नातीला परवापासून शिंका सुरू झाल्या, आणि मामी म्हणतात, हवाच तशी आहे. ते ऐकून मी जिन्यातच बसले.

मी दारोदार फिरले. मला चहा देतात, पुस्तक देत नाहीत. माझं कोणी ऐकणार नाही, मी त्यांच्यासाठी अजून परकरातली पोर आहे. तुमचं ऐकतील. बोर्डावर लावायला चार ओळी लिहून पाठवा. तुम्हाला काय लिहावं लागेल ते मला कळतं, तरी मागते आहे.

प्रिती


मंडणगड,
१६ ऑगस्ट २०२५

प्रिती,

सोबतचा कागद जसा आहे तसा बोर्डावर लाव. त्यातलं काही गाळू नकोस.

आप्पा

*

चाळीतल्या सर्वांस गुणाजी तांबेचा जयभीम.

माझ्याकडच्या कपाटातली पुस्तकं ज्यांनी घरी नेली असतील त्यांनी ती आजच प्रितीकडे परत द्यावीत. ती वाळवून, पुसून किंवा उन्हात ठेवून घरात ठेवण्याजोगी होणार नाहीत. त्यांच्या बुरशीने माझ्या नातीला हॉस्पिटलात नेलं. तुमच्याही घरात लहान मुलं आहेत.

मी ती फार जपली असं तुम्ही म्हणता. मी ती दर पावसाळ्यात ओल्या भिंतीला टेकवून कोंडून ठेवली आणि पावसाळा संपला की बायकोकडून झाडून घेतली. बकुळा कशाने गेली असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी गिरणीचं नाव सांगितलं. ती गिरणीत एक दिवस गेली नव्हती. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्या मानाखातर कोणी बोललं नाही. आता माझा मान ठेवू नका. पुस्तकं परत आणा.

वाचनालय आपण सगळ्यांनी मिळून उभं केलं होतं. पुन्हा करू, कोरड्या जागेत.

गुणाजी तांबे


परळ,
३१ ऑगस्ट २०२५

आप्पा, जयभीम.

तुमचा कागद बोर्डावर लावला. सीताराम मामा नेहमीसारखे मोठ्याने वाचायला लागले आणि आईचं नाव आलं तिथे थांबले. पुढचं संघर्ष भाऊंनी वाचलं. रात्रीच्या जेवणाच्या आत सगळी पुस्तकं आली. कोणी मान वर करून देत नव्हतं. आपलं पुस्तक देण्याआधी मामी त्याचं नाव वहीत उतरवून घेत होत्या, म्हणजे नवं आणता येईल. सीताराम मामांनी पाचपैकी चारच दिली, मी पाचव्यासाठी दोनदा गेले, तेव्हा कुठे उशीखालून निघालं. मग पिशव्यांना दुहेरी गाठी मारून आम्ही सगळं गाडीत टाकलं. संघर्ष भाऊ गाडीमागे नाक्यापर्यंत चालत गेले.

वरच्या मोरीचा पाइप बदलला. मृणालिनी वहिनी अजून म्हणतात की आधीचाही चांगलाच होता. भिंत पूर्ण सुकेपर्यंत कोंडीराम प्लास्टर करू देत नाही. पूर्वी अजून कल्याणलाच आहे. डॉक्टर म्हणतात पंप इतक्यात सोडायचा नाही, पण छाती साफ आहे.

आता जे मागच्या पत्रात लिहिलं नाही ते लिहिते.

२०१७ च्या सप्टेंबरात मला पूर्वीचा चौथा महिना होता. सासरी कोणी काही कमी करत नव्हतं, पण मला परळला माहेरी येऊन राहायचं होतं, आणि घरात आई हवी होती. मी गावी दुकानात फोन करून तिला फोनवर बोलावून घेतलं आणि रडले. म्हटलं, मला भीती वाटते, तू ये. तुमचं पत्र तिला त्याआधी मिळालं की नंतर, मला माहीत नाही. आली तेव्हा मला म्हणाली, तुझ्यासाठी आले गं, पण आप्पांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे की त्यांच्या पत्रावर आले. तुम्हाला ती पुस्तकांसाठी आले म्हणाली असणार. आपल्या दोघांनाही तिने खूश ठेवलं.

आठ वर्षं हे सांगायची वेळ आली नाही. तुमचं दोन तारखेचं पत्र आलं तेव्हा सांगायला हवं होतं. पण तुम्ही सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंत आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. म्हणून गप्प राहिले. तुम्हाला चाळीसमोर लिहायला लावलं, तेव्हाही गप्प राहिले. तुमचा कागद बोर्डावर मी माझ्या हाताने लावला आणि त्यावर माझं नाव नव्हतं. तेव्हापासून मला झोप लागत नाही.

खोलीत उभं राहता येणार नाही असं तुम्ही लिहिलंत. मी रोज उभी राहते. येऊ नका म्हणालात तरी मी धनेशला बुधवारी मंडणगडला पाठवते आहे, त्याच्याबरोबर निघा. मला आईबद्दल बोलायचं आहे, आणि तुमच्याशिवाय कोणाशी बोलता येत नाही.

प्रिती